शिलेदार आणि बारगीर

मंडळाच्या गेल्या वर्षीच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात एक लहानसा प्रसंग घडला. बक्षिसे वाटून झाल्यावर प्रमुख पाहुण्यांनी रिवाजाप्रमाणे, कोणास काही विचारावयाचे आहे काय, असे विद्यार्थ्यांस विचारले. अशा वेळी सभागृहात शांतता पसरावी आणि आभारप्रदर्शन सुरू व्हावे, हाही रिवाजच. परंतु त्या दिवशी तिसऱ्या रांगेतून आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने स्वच्छ आवाजात विचारले, "सर, घोडेस्वारीच्या भारतीय संघात मुलांची निवड कशी होते?"

सभागृहात हशा पिकला. व्यासपीठावर एक वकील, एक डॉक्टर, दोन बागायतदार आणि आम्ही असे पाच जण बसलो होतो. पाचांपैकी एकासही उत्तर ठाऊक नव्हते. पाहुण्यांनी 'आधी दहावी चांगल्या गुणांनी पास हो' असा उपदेश करून वेळ निभावून नेली, आणि मुलगी खाली बसली. छत्तीस वर्षे खडूफळ्यापुढे काढलेल्या माणसाला विद्यार्थ्याचा प्रश्न अनुत्तरित राहिल्याचे शल्य घरी गेल्यावरही टोचत राहते. ते शल्य काढण्यासाठी आम्ही वर्षभर जे वाचले, विचारले आणि आठवले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. प्रश्न जरी आजचा असला तरी त्याचे उत्तर शोधताना आम्हास साडेतीनशे वर्षे मागे जावे लागले.

आपल्या इतिहासात घोडेस्वारांचे दोन वर्ग होते, हे शाळेत आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. आणि ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. परीक्षेत दोन गुणांना हा फरक विचारीत आणि मुले तो लिहून विसरून जात. आम्हीही शिकविताना त्यापलीकडे गेलो नाही. वास्तविक सगळे मर्म त्याच फरकात आहे. शिवछत्रपतींनी शिलेदार नाकारले नाहीत. पण कृष्णाजी अनंत सभासद सांगतो त्याप्रमाणे त्यांनी बळ दिले ते पागेस, आणि शिलेदारांस पागेच्या हुकमतीत ठेवले. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी, अशी ती चढती व्यवस्था होती. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. सैन्याची रचना सांगताना बखरकाराला पाणी भरणारा आणि नाल ठोकणारा विसरावासा वाटला नाही, हे आम्हास फार महत्त्वाचे वाटते. घोडा म्हणजे नुसता घोडा नव्हे; त्याचे पाणी, त्याचा नाल, त्याची वैरण आणि त्याचा पावसाळा हे सारे त्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाइतकेच खर्चाचे व काळजीचे असते.

बारगिराचा दरमहाचा पगार दोन ते पाच होन आणि शिलेदाराचा सहा ते बारा होन, असे ग्रँट डफने आपल्या इतिहासात नमूद केले आहे. वरवर पाहता बारगिरावर अन्याय झालासा दिसतो. पण शिलेदाराच्या अधिक होनांतून घोड्याचे खाणे निघत असे, आणि लढाईत घोडा पडला तर तो शिलेदार पायउतार होई. बारगिराचा घोडा पडला तर सरकारचा पडला; बारगीर दुसऱ्या घोड्यावर बसे. याचा अर्थ असा की ज्याच्या बापजाद्यांनी कधी घोडा बांधला नव्हता अशा कुणब्याच्या पोरालाही, अंगात बळ आणि बैठकीत पक्केपणा असला तर, राज्याच्या घोडदळात जागा होती. निवड मनुष्याची होत होती, त्याच्या गोठ्याची नव्हे.

या पागेची महाराज किती काळजी वाहत याचा पुरावा आपल्याच कोकणातला आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ हळवर्ण येथे छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस त्यांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, या अर्थाच्या त्यातील आज्ञेसाठी ते पत्र नेहमी वाखाणले जाते, आणि ते योग्यच आहे. पण मूळ चिंता घोड्यांची आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि वैरण आताच बेबंदपणे उधळलीत तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा रोख आहे. उंदराने दिव्याची पेटती वात ओढून नेली तर गवताची गंजी जळेल, इतके बारीक ते पत्र पाहते. राजाने उंदराचा विचार करावा, इतके घोड्याचे मोल होते.

आता आपल्या डहाणू-तलासरीकडे वळू. येथे प्रथमच कबूल केले पाहिजे की हा मुलूख घोड्यांचा नव्हे. पश्चिमेस खाड्या व चिखलाण, पूर्वेस गंभीरगडाकडील रान, आणि चार महिने न थांबणारा पाऊस. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांची उत्तर कोकणची मोहीम झाली, तारापूर घेताना १७३९ च्या जानेवारीत बाजी भीवराव पडले, मे महिन्यात वसई आली. परंतु ती लढाई मोर्चांची, सुरुंगांची आणि शिड्यांची होती; घोड्याच्या टापेने ती जिंकली गेली नाही.

तरीही घोडा आपल्या मुलखात होता. तो भिंतीवर होता. आपल्या शेजारच्या वारली पाड्यांवर लग्नघरी जो चौक लिहितात, त्यात पालघट देवीच्या मोठ्या चौकाजवळ एक लहान देवचौक असतो. त्यात पाचशिऱ्या देव काढतात. त्याला मस्तक नसते. मानेतून धान्याचे पाच कोंब उगवलेले असतात, आणि तो घोड्यावर बसलेला किंवा घोड्याशेजारी उभा असतो. ज्या घरात घोडा बांधण्याची कधी ऐपत नव्हती त्या घराच्या कुडावर, तांदळाच्या पांढऱ्या पिठाने, प्रत्येक लग्नात एक घोडा अवतरत आला आहे. आपल्या तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला कागदावर आणून जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते २०१८ मध्ये निवर्तले.

घोड्याशी आपला दुसरा संबंध गवताचा आहे, आणि तो सांगताना संकोच वाटतो. आपल्या रानातील गवत कापून, दाबून, गाडीत भरून मुंबईकडे जनावरांच्या वैरणीसाठी जात असे. कापणारे वारली असत. विकणारे सावकार, जमीनदार व ठेकेदार. १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखाली वारल्यांनी तलासरीजवळच्या झरी येथून वेठबिगारीविरुद्ध जो लढा उभारला, त्यातील एक मोठी मागणी गवतकापणीच्या मजुरीचीच होती : पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. त्याच लढ्यात १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार होऊन पाच वारली मारले गेले. गवताच्या त्या व्यापारात आपल्या ज्ञातीची काही माणसे कोणत्या बाजूस होती, हे जुन्या मंडळींस ठाऊक आहे. त्यावर स्मरणिकेत आजवर कोणी लिहिले नाही. आम्हीही येथे एवढेच लिहितो की जनावरांच्या वैरणीसाठी ज्यांनी कमरेत वाकून गवत कापले, त्यांची मुले त्या जनावरांच्या पाठीवर कधी बसली नाहीत, आणि आपलीही बसली नाहीत.

इंग्रजी अमदानीत शिलेदार हा शब्द लष्करी दप्तरात जसाच्या तसा गेला. १८१७ च्या पुणे तहानंतर उभी राहिलेली पूना हॉर्स ही फौज व तिच्यासारखी इतर रिसाले शिलेदारी पद्धतीचे होते. भरती होऊ इच्छिणाऱ्याने घोडा आणावा, नाहीतर घोड्याच्या किमतीपोटी रक्कम भरावी. त्या रकमेला आसामी म्हणत. रक्कम भरली तर माणूस घोडेस्वार, न भरली तर त्याचे शौर्य त्याच्या घरी. पहिल्या महायुद्धात हजारो घोडी समुद्रापार गेली, मेली, त्यांची भरपाई कोणत्याच शिपायाच्या खिशातून होण्यासारखी नव्हती. तेव्हा युद्धानंतरच्या पुनर्रचनेत ही पद्धत बंद झाली. सुमारे शंभर वर्षे चाललेल्या या व्यवहाराचा ठसा 'बडी आसामी' या आपल्या बोलीतल्या शब्दावरही उमटला असावा, असे आम्हास वाटते. पण तो आमचा तर्क समजावा.

आता मुलीने विचारलेल्या खेळाकडे येऊ. इव्हेंटिंग हे त्याचे नाव. युरोपात त्याला पूर्वी 'मिलिटरी' असेच म्हणत, कारण तो जन्मला लष्करी घोड्याची व अधिकाऱ्याची परीक्षा म्हणून. एकच घोडा आणि एकच स्वार यांनी तीन परीक्षा द्यावयाच्या. पहिली ड्रेसाज : साठ मीटर लांब व वीस मीटर रुंद आखाड्यात, घोड्याने संथ, ठरलेल्या चाली स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यावर करून दाखवावयाच्या. दुसरी क्रॉस-कंट्री : मोकळ्या रानात ओंडके, खंदक, पाण्याची डबकी, चढउतार असे पक्के अडथळे घड्याळ लावून ओलांडावयाचे. तिसरी उडी मारण्याची, रंगीत दांड्यांवरून. दांडी पडली की चार दंडगुण. रानात घोडा एखाद्या अडथळ्यापुढे अडला तर वीस दंडगुण, त्याच अडथळ्यापुढे पुन्हा अडला तर आणखी चाळीस; स्वार पडला तर तो स्पर्धेतूनच बाद. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजयी. नेमस्तपणा, धाडस आणि दमसास अशा तीन भिन्न गुणांची ही परीक्षा आहे. वर्गात शांत बसणारा, मैदानावर धावणारा आणि दुसऱ्या दिवशी थकव्यातही शुद्धलेखन न चुकविणारा, असे तिन्ही गुण असलेले विद्यार्थी आम्हास छत्तीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९१२ साली स्टॉकहोम येथे आला. स्वीडनचे ॲक्सेल नॉर्डलँडर पहिले विजेते ठरले. त्या काळी या स्पर्धेत केवळ लष्करी अधिकाऱ्यांनाच प्रवेश असे. साधा शिपाई नाही, नागरिक नाही, स्त्री तर नाहीच नाही. या नियमाची एक विलक्षण कथा आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक स्वीडनने जिंकले. त्या संघातील गेनाल पेर्सन हे वस्तुतः सार्जंट होते. स्पर्धेपुरती त्यांना अधिकाऱ्याची बढती देण्यात आली होती आणि स्पर्धा संपताच ती काढून घेण्यात आली. ही गोष्ट उघडकीस आली आणि १९४९ मध्ये संपूर्ण संघाचे पदक रद्द झाले. घोडा तोच, बैठक तीच, गुण तेच. खांद्यावरची पट्टी मात्र खोटी होती! या प्रकरणाने नियमाचाच पोकळपणा उघडा पडला. १९५२ साली हेलसिंकी येथे शिपाई व नागरिक यांना दार उघडले, आणि तेच पेर्सन १९५२ व १९५६ या दोन्ही वेळी सुवर्णपदक विजेत्या संघात होते. स्त्रियांना ड्रेसाजमध्ये १९५२ पासून प्रवेश मिळाला. इव्हेंटिंगमध्ये मात्र १९६४ च्या टोकियो स्पर्धेपर्यंत थांबावे लागले. तेव्हा अमेरिकेच्या लाना ड्यूपाँट या पहिल्या महिला स्वार ठरल्या. मुलींना हा खेळ झेपेल काय, असा प्रश्न त्या काळच्या पंचांना पडला होता म्हणे. ज्या समाजाने बिठूरला नानासाहेबांबरोबर घोडा फेकणाऱ्या मनूची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्या समाजाला तरी तो पडू नये.

भारताच्या वाट्याला या खेळातील मोठा दिवस आला तो १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये. आशियाई स्पर्धांत अश्वारोहणाचा समावेश प्रथमच झाला होता. इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्णपदक रघुवीर सिंग यांनी जिंकले, रौप्य गुलाम मोहम्मद खान यांनी, कांस्य प्रल्हाद सिंग यांनी. आणि सांघिक सुवर्णही भारताचेच. त्या संघात बिशाल सिंग व मिल्खा सिंग हेही होते. हे मिल्खा सिंग म्हणजे धावपटू नव्हेत. आमच्या एका सहकाऱ्याने शाळेच्या फळ्यावर तसे लिहून ठेवले होते आणि ते पुसावयास आम्हास दोन दिवस लागले. रघुवीर सिंग हे ६१ कॅव्हलरी या पलटणीतले. १९५३ मध्ये, संस्थानांचे घोडदळ मोडल्यावर जे स्वार व घोडे राहिले त्यांतून ही पलटण उभारण्यात आली. तीत शिंद्यांच्या ग्वाल्हेरचे स्वारही होते. रघुवीर सिंग यांच्या मांडीखालचा घोडा त्यांच्या घरचा नव्हता, सरकारचा होता. अर्थात ते बारगीर होते. राजस्थानातल्या एका खेड्यातील मुलगा आशियात पहिला आला, कारण त्याला घोडा, नालबंद, पशुवैद्य आणि वैरण पुरविणारी पागा होती.

त्यानंतर चित्र हळूहळू बदलले. १९९६ मध्ये अटलांटास इंद्रजित लांबा, २००० मध्ये सिडनीस मुंबईचे इम्तियाझ अनीस, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये फवाद मिर्झा यांनी इव्हेंटिंगमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. मिर्झा तेविसावे आले. त्याआधी २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये त्यांनी वैयक्तिक रौप्य मिळविले होते. १९८२ नंतरचे ते पहिले वैयक्तिक पदक, म्हणजे मध्ये छत्तीस वर्षे गेली. २०२३ मध्ये हांगझो येथे जो इव्हेंटिंग संघ गेला त्यात विकास कुमार यांच्यासह आशिष लिमये आणि अपूर्व दाभाडे ही दोन मराठी नावे होती, आणि २०२५ च्या डिसेंबरात थायलंडमधील पटाया येथे लिमये यांनी आशियाई अजिंक्यपदाचे वैयक्तिक सुवर्ण जिंकले. ही नावे वाचून ऊर भरून येतो. परंतु यांपैकी बहुतेकांना घोडा युरोपात ठेवून, तेथेच राहून सराव करावा लागला. भारतातील घोड्यांस रोगराईच्या भयाने युरोपात प्रवेश मिळत नाही. १९६० साली आफ्रिकन अश्वरोगाने आपल्याकडे मोठा हाहाकार केला होता. तो रोग गेला, २०१४ मध्ये देश त्यातून मुक्त ठरला, तरी इतर रोगांचे भय उरलेच. २०२५ च्या जुलैत मीरतच्या लष्करी अश्वकेंद्रास जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त विभाग म्हणून मान्यता दिली, तेव्हा कोठे एक फट पडली आहे. तोवर ज्याला परदेशी घोडा पोसता येतो, किंवा ज्याला पोसून देणारा कोणी भेटतो, तोच वरच्या पायरीवर चढू शकतो. शिलेदारी परत आली आहे.

मग मुलांची निवड होते कशी? आता त्या मुलीला तिचे उत्तर देऊ. मुलांच्या गटांत वयाची गणना पंचांगातल्या जन्मतिथीने होत नाही, इंग्रजी वर्षाने होते. ज्या वर्षी मुलाला चौदावे वर्ष पूर्ण होते त्या वर्षाच्या आरंभापासून, ज्या वर्षी अठरावे पूर्ण होते त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत तो ज्युनिअर. सोळा ते एकवीस यंग रायडर. आपल्या देशात दरवर्षी ज्युनिअर राष्ट्रीय अश्वारोहण स्पर्धा भरते. तेथे जाण्यापूर्वी खालच्या स्पर्धांतून पात्रता मिळवावी लागते. परदेशी जाणाऱ्या संघासाठी निवडचाचण्या होतात आणि ठरावीक दर्जाच्या स्पर्धांत ठरावीक मर्यादेतले दंडगुण आणावे लागतात.

आणि येथे ती गोम आहे, जी आम्हास वर्षभर वाचल्यावर समजली. आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदासाठी जी पात्रता लागते ती एकट्या स्वाराची नसते, एकट्या घोड्याचीही नसते. ती त्या जोडीची असते. अमुक घोड्यावर अमुक मुलीने मिळविलेली पात्रता दुसऱ्या घोड्यावर चालत नाही. घोडा लंगडला की मुलगीही बाद. स्पर्धेच्या आधी, आणि शेवटच्या उड्यांच्या आधी पुन्हा, घोड्याला पशुवैद्य व पंचांसमोर दुडक्या चालीने पळवून दाखवावे लागते. तेथे तो नापास झाला तर स्वाराने घरी जावे. घोड्याला स्वतःचा पासपोर्ट असतो, मानेत ओळखीची बारीक चकती बसविलेली असते. अलाउद्दीन खलजीने आणि पुढे अकबराने घोड्यास डाग देण्याची व स्वाराचा चेहरा दप्तरी लिहून ठेवण्याची पद्धत घातली, ती उसन्या घोड्यावर हजिरी देणारे लबाड पकडण्यासाठी. हेतू तोच, साधन तेवढे नवे.

म्हणजे निवड समितीसमोर मुलगी उभी राहण्यापूर्वीच अर्धी निवड झालेली असते. तो घोडा विकत घेण्याचा, नाही तर वर्षभर भाड्याने ठेवण्याचा खर्च ज्याला झेपला नाही, त्याची मुलगी कितीही उत्तम बसणारी असो, ती रांगेतच उभी नसते. तिला कोणी नाकारीत नाही. तिचे नावच पुढे येत नाही.

हे लिहिताना आमच्याकडून झालेली एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. त्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

ज्या काळी डहाणू रोड स्टेशनाबाहेर टांगे उभे असत, त्या काळी आपल्या ज्ञातीतील एक गृहस्थ टांगा हाकीत. ज्ञातीत ही गोष्ट थोडी लपवूनच बोलली जाई. त्यांचा मुलगा आमच्या ओळखीचा. शेवटची गाडी गेली की तो टांग्याचा घोडा सोडून, खोगिराविना, नरपडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या वाळूत पळवीत असे. १९८२ च्या एशियाडचे वर्तमानपत्रातले चित्र त्याने कापून टांग्याच्या आतल्या बाजूला चिकटविले होते. १९८५ साली त्याने मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीकडे अर्ज केला : पुण्यास राहून घोडेस्वारी रीतसर शिकावयाची आहे, एक वर्षाच्या खर्चाला मदत व्हावी. आम्ही तेव्हा सहचिटणीस होतो, वय सत्तावीस. समितीत पाच मिनिटे चर्चा झाली. निधी विद्येसाठी आहे, करमणुकीसाठी नाही, असे ठरले, आणि त्या अर्थाचे उत्तर आमच्याच अक्षरात गेले. त्या वर्षी त्याच निधीतून टंकलेखनाच्या वर्गासाठी सहा जणांस मदत दिली, हे इतिवृत्तात आहे. टंकलेखन यंत्रे आज कोठे आहेत ते सांगावयास नको.

त्या मुलाची निवड झाली असतीच, असे आम्ही म्हणत नाही. कदाचित पहिल्याच खंदकात तो पडला असता. परंतु त्याला कोणत्याही पंचाने नापास केले नाही. आम्ही केले, आणि त्याला घोड्यावर बसलेला न पाहता केले. पुढे टांगे गेले, रिक्षा आल्या. तो वापीच्या बाजूस ट्रक चालवीत असे. काही वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला, तेव्हा त्याने आमच्या पाया पडून मुलांची चौकशी केली. अर्जाचा विषय त्याने काढला नाही. आम्हीही काढला नाही.

आज मार्ग अगदीच बंद आहेत असे नाही, आणि पालकांनी ते जाणून घ्यावेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घोडेस्वारी हा शिक्षणाचा भाग आहे आणि तेथील घोडे सरकारचे आहेत. २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश मिळतो, आणि त्यांची पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यात बाहेर पडली. एन. सी. सी.मध्ये पशुवैद्यक महाविद्यालयांशी जोडलेल्या घोडेस्वार तुकड्या आहेत. या खऱ्या अर्थाने आजच्या पागा. मात्र प्रबोधिनीत जाईपर्यंत मुलाचे वय सतरा-अठरा होते, आणि ज्युनिअर गटाचा काळ तेव्हा सरत आलेला असतो. लहान वयात शिकावयाचे तर मुंबईस जावे लागते. महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर १९४२ पासून हौशी स्वारांचा क्लब आहे. पुण्याकडे व तळेगावकडेही शाळा निघाल्या आहेत. २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत येते, त्यामुळे जाणे-येणे शक्य झाले, सोपे झाले असे म्हणवत नाही. तलासरीच्या मुलाला तर स्टेशन गाठण्यातच तास जातो.

त्या मुलीच्या वडिलांची बोर्डीच्या बाजूला चिकूची लहानशी वाडी आहे. गेल्या पावसानंतर ती दर रविवारी पहाटेच्या गाडीने वडिलांबरोबर मुंबईस एका घोडेस्वारी शाळेत जाते, हे आम्हास हा लेख लिहिताना कळले. शाळेचाच घोडा मिळतो, तासाने पैसे मोजून. दोनदा पडली. एकदा मनगटाला सूज आली तेव्हा पुढच्या रविवारी जाऊन नुसती तबेला झाडून, घोड्यास खरारा करून परत आली. वडिलांनी सांगितले, "मास्तर, तासाचे पैसे निघतात. घोडा आमच्याने होणार नाही."

येत्या वार्षिक सभेत विद्यार्थी साहाय्य निधीच्या नियमांतील 'विद्या' या शब्दाचा अर्थ विस्तारावा, असा ठराव आम्ही मांडणार आहोत. चार-पाच कुटुंबांनी मिळून एक घोडा वर्षभर भाड्याने ठेवावा आणि ज्ञातीतील, तसेच शेजारच्या पाड्यांवरील, ज्या मुलांना बैठक आहे त्यांनी तो वापरावा, अशीही एक सूचना त्यास जोडली आहे. सूचनेस विरोध होईल हे आम्हास दिसते. गेल्या वेळी विरोध करणाऱ्यांत आम्हीच होतो, म्हणून त्यांची सगळी कारणे आम्हास तोंडपाठ आहेत. अनुमोदकाची जागा अद्याप रिकामी आहे.

मुलगी या वर्षी चौदा वर्षांची होते. २०३० च्या ३१ डिसेंबरपर्यंत ती ज्युनिअर आहे.